साडेतीनशेचं फवारणी किट: नाक झाकलं, कंबरेखाली सगळं मोकळं

आधी निकाल सांगतो, कारणं मग. सोलापुरात मार्केट यार्डाच्या आसपास खता-औषधांची जी दुकानं आहेत, तिथं साडेतीनशेच्या घरात मिळणाऱ्या फवारणीच्या सेफ्टी किटला मी पाचपैकी दोन देतो. त्यातला एक चष्म्याला, अर्धा टोपीला आणि अर्धा दुकानदारानं न मागता पक्कं बिल दिलं म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. दोन-तीन दुकानं फिरलो; पिशवीवरचं नाव बदलतं, आतला माल तोच.

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाव पंढरपूर तालुक्यात, कासेगावच्या पट्ट्यात. थोरला भाऊ द्राक्षबाग बघतो, शेजारी थोडं डाळिंब आहे. लॅबमध्ये माझ्या टेबलावर वीर्यतपासणीचे नमुने येतात, आणि सुट्टीला गावाकडं गेलो की पाठीवर पंप घेतलेले दादा आणि आमचा सालगडी दिसतात. दोन्ही बघणारा माणूस एकच असला की किट उलगडताना वेगळेच प्रश्न पडतात. दुकानदार म्हणाला, "हे घातलं की चक्कर नाही, उलटी नाही, डोळं चुरचुरत नाहीत. अजून काय पायजे?" त्याचं काही चुकलं नाही. मला अजून पाहिजे होतं, एवढंच.

ही किटं गावोगाव पोचली ती यवतमाळनंतर. २०१७ च्या पावसाळ्यात तिथं कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात पडले. त्या धसक्यातून किट आलं, आणि त्याचा आकारही त्या धसक्याचाच आहे. एका दिवसात माणूस आडवा होऊ नये, म्हणून नाक, डोळे, डोकं झाकायचं. पण औषधाचा जो परिणाम महिन्यांनी, वर्षांनी कळतो, म्हणजे मूल न राहणं, राहिलेलं पडणं, पोटातल्या बाळाला बाधणं, तो बहुतेक वेळा कातडीतून आत गेलेल्या औषधाचा असतो. फवारणाऱ्याच्या अंगात औषध शिरायची सगळ्यात मोठी वाट कातडीच. किटनं नेमकं तिथंच अंग चोरलंय.

पिशवीत काय निघतं ते सांगतो: एक एप्रन, टोपी, कपासारखा पांढरा मास्क, प्लास्टिकचा चष्मा, हातमोज्यांची जोडी. एप्रन पातळ कापडाचा, वरून प्लास्टिकचा थर. पुढून बंद, बाह्या पूर्ण, पाठीमागं दोन नाड्या, लांबी गुडघ्याच्या वर वीतभर. पाठ उघडी. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर घालतात तसल्या गाऊनची ही पद्धत. डॉक्टरच्या अंगावर रक्त उडतं ते समोरून. आपल्या फवारणीवाल्याचा पंप असतो पाठीवर. हे किट कापणाऱ्यानं पाठीवरचा पंप कधी उचललाय की नाही, मला शंका आहे.

नुसतं बघून बोलायचं नाही म्हणून एक खटाटोप केला. किराणा दुकानातून खायचा निळा रंग आणला, सोळा लिटरच्या बॅटरी पंपात साध्या पाण्यात कालवला. दादाला पांढरा बनियन आणि जुनी पांढरी विजार घालायला लावली, वरून पूर्ण किट. "मला होळीचं सोंग करालास व्हय रं," म्हणत तो एक ओळ फवारून आला. आमची बाग मांडवाची आहे, म्हणजे वेल डोक्यावर, फवारणी हात वर करून. बाहेर आल्यावर किट उतरवलं आणि आम्ही दोघं विजारीकडं बघत उभे राहिलो.

छातीवर एक ठिपका नाही. पोटावर नाही. एप्रननं समोरचं काम चोख केलं होतं. पाठीवर मात्र पंपाच्या झाकणातून झिरपलेलं पाणी बनियनवरून ओघळून थेट विजारीच्या नाडीपर्यंत आलं होतं, आणि तिथून खाली बैठकीवर हातभर निळा डाग. मांड्यांवर पुढून ठिपके, कारण चालताना एप्रनचं टोक उडतं आणि खालच्या फुटव्यांना विजार घासते. जांघेत दोन्ही बाजूंनी निळं. शिवाय उजव्या हाताला मोज्याच्या काठापासून कोपरापर्यंत आणि तिथून पार काखेपर्यंत एक बारीक निळी रेघ, शाईच्या पेनानं ओढल्यागत सरळ.

जांघेतला डाग बघून मी गप्प झालो, आणि दादा हसायला लागला, "एवढ्यानं काय होतंय". म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं सांगतो. सगळी कातडी सारखी नसते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक लावून किती आत जातं ते मोजलं होतं. मनगट ते कोपर ह्या भागातून जितकं गेलं, त्याच्या जवळजवळ बारापट अंडकोशाच्या कातडीतून गेलं. तळहात त्या मानानं बराच टिकाव धरतो. म्हणजे शरीरात जिथून सगळ्यात जास्त औषध आत जातं, तिथं ह्या किटमध्ये घरच्या विजारीशिवाय काहीच नाही. वर घाम, सोलापूरचं ऊन, आणि तीच ओली विजार दुपारपर्यंत अंगावर.

आत गेल्यावर काय होतं? शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आज मारलेल्या औषधानं काही बिघडलं असेल तर ते आजच्या तपासणीत दिसणार नाही, अडीच-तीन महिन्यांनी दिसेल. तोवर माणूस विसरलेला असतो की छाटणीनंतर त्यानं दिवसाआड पंप पाठीवर घेतला होता. चांगली गोष्ट अशी की कारण थांबलं तर बरेचदा नवी फळी चांगली येते. पण शुक्राणू ज्या मूळ पेशींपासून बनतात त्याच मेल्या, तर परत काही येत नाही.

हे घडून गेलेलं आहे. जमिनीतल्या सूत्रकृमीसाठी डीबीसीपी नावाचं औषध होतं, केळीत, अननसात, द्राक्षबागांतही वापरायचे. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार आपसात बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूलच होईना झालंय. तपासण्या केल्या तर अनेकांच्या नमुन्यात शुक्राणू नव्हते किंवा फारच कमी होते. काम सुटल्यावर काहींचे परत आले, काहींचे कधीच आले नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेनं बहुतेक वापर बंद केला; मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवरचे मजूर मात्र पुढं कितीतरी वर्षं कोर्टात भांडत राहिले. वाईट ह्याचं वाटतं की उंदरांच्या वृषणावर ह्याचा परिणाम होतो हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. आणि ह्या कामगारांना चक्कर-उलटी झाली नव्हती. दुकानदाराच्या मापानं ते सगळे ठणठणीत होते.

आपल्याकडचंही एक सांगतो. १९९१ साली आंध्रातल्या कापूसपट्ट्यातल्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फवारणी करणारा नवरा होता, बायको नव्हती. तरी त्या घरांत गर्भपात, मेलेलं मूल जन्मणं, व्यंग असणं हे फवारणी न करणाऱ्या घरांपेक्षा जास्त निघालं. आपल्याकडं मूल पडलं की सासू सुनेच्या खाण्यापिण्यावर जाते. नवऱ्याच्या पंपाकडं कुणाचं बोट जात नाही.

लॅबमध्येही तेच. जोडपं येतं तेव्हा बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन फाईल जाड झालेली असते, नवऱ्याची पहिली तपासणी शेवटी. तोही खिडकीपाशी येऊन हळूच विचारतो, "सायेब, रिपोर्टवर नाव पूर्ण येतंय का?" जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरला एक कोटी साठ लाख ही खालची मर्यादा धरतात. त्याच्या खाली आकडा दिसला म्हणजे औषधामुळेच, असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. व्हेरिकोसील असतं, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगलेल्या, लहानपणीची गालगुंडं असतात, मावा-तंबाखू असते, भट्टीपुढचं काम असतं. पण कारण शोधायचं तर विचारावं तरी लागेल ना. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो, तिथं 'शेती' लिहितात आणि विषय मिटतो. पंप कोण मारतो, कधी मारला, काय मारलं, ह्याला रकाना नाही. मी आता समासात पेन्सिलीनं लिहून घेतो. डॉक्टर बघतात की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक.

आता हातमोजे. किटमधले मोजे पातळ, दवाखान्यातल्यासारखे, मनगटावर संपणारे. पंपाचं झाकण आवळताना अंगठ्यापाशी फाटले. इसी प्रकारच्या औषधात, म्हणजे पाण्यात टाकल्यावर जे दुधासारखं पांढरं होतं त्यात, पेट्रोलियमचे सॉल्व्हंट असतात. पातळ रबरातून ते औषधाला घेऊन आत येतात. आतून घाम आणि औषध एकत्र, बाहेरून मोजा बंद. त्यापेक्षा उघडा हात धुतला तर जातं तरी. इथं जाड नायट्राईल रबराचे, कोपराच्या निम्म्यापर्यंत येणारे मोजे पाहिजेत. काखेपर्यंत गेलेली ती निळी रेघ आठवा: मांडवात हात वर असतो, मोज्यावरचं पाणी मनगटावरून खाली ओघळतं. म्हणून वरच्या फवारणीत बाही मोज्याच्या आत खोचायची आणि मोज्याचा काठ बाहेर दुमडून पन्हळ करायची. खाली वाकून तणनाशक मारताना उलटं, बाही मोज्याच्या वर. किटच्या पिशवीवर ह्याचं एक चित्र काढलं असतं तर दहा पैशांची शाई लागली असती.

हाताचा खरा प्रश्न पंपाच्या आधी येतो. ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. फडक्यानं, स्पंजानं, हातानं, डोळा न् डोळा. बागेत सगळ्यांना एकच माहिती असते: पेस्ट लावलेल्या दिवशी दारू प्यायची नाही, तोंड लालबुंद होतं आणि छाती धडधडते. ती खरी आहे आणि त्यामुळं त्या एका दिवसापुरतं गाव सुधारतं. पण युरोपनं २००८ साली ह्या औषधाला मंजुरी नाकारली. तिथल्या वर्गवारीत ते प्रजननक्षमतेला आणि पोटातल्या बाळाला बाधत असल्याच्या संशयितांत आहे. कुठल्याही दुकानात मला पेस्टिंगसाठी म्हणून किट कुणी दाखवलं नाही. "त्याला काय किट लागतंय, ते फवारत नाहीत की," हे उत्तर.

किट घेताना शेजारीच औषधांचं कपाट होतं. दुकानदारानं मला प्रेमानं शिकवलं: लाल त्रिकोण असेल तर पूर्ण किट घाला, पिवळ्याला मोजे-मास्क, निळा-हिरवा असेल तर नुसतं फडकं बांधलं तरी चालतंय. हेच गावात सगळे मानतात, म्हणून थोडं थांबतो. तो त्रिकोण उंदरावरच्या प्रयोगावरून ठरतो: किती औषध पोटात गेलं की निम्मे उंदीर मरतात. शरीराच्या किलोमागं ५० मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. एकदम खाऊन मरण येतं का, एवढंच तो रंग सांगतो. त्यावरून गर्भाला बाधतं का हे ठरवणं म्हणजे वजनकाट्यावर ताप मोजणं.

आमच्या बागेतलीच नावं घ्या. डाऊनी ह्या द्राक्षावरच्या रोगाला मॅन्कोझेब आणि डायमेथोमॉर्फ, बुरशीला कार्बेन्डाझिम, डाळिंबाच्या मर रोगाला प्रोपिकोनॅझोल आणि क्लोरपायरीफॉसचं ड्रेंचिंग, म्हणजे मुळाशी ओतणं. पहिली तिन्ही खाऊन सहजासहजी मरण येणारी नाहीत, त्यामुळं रंगाच्या हिशेबात सौम्य. पण ह्यातलं क्लोरपायरीफॉस सोडलं तर बाकी चारही युरोपीय वर्गवारीत प्रजननाला घातक गटात, तेही १ब वर्गात, म्हणजे 'मानवाला घातक असल्याचं धरून चाला' असा. मॅन्कोझेबची मंजुरी त्यांनी २०२० च्या शेवटी काढून घेतली. आपल्याकडं २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं २७ औषधांच्या बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, क्लोरपायरीफॉस तिन्ही होती. २०२३ चा अंतिम आदेश आला तोवर पूर्ण बंदीची यादी मोजक्या नावांवर आली आणि ही तिन्ही दुकानात राहिली. वापरू नका असं मी दादाला सांगू शकत नाही, डाऊनीनं आठवड्यात घड जातात. पण हिरव्या त्रिकोणाला फडकं पुरतं, ही समजूत किट विकणाऱ्यानंच पसरवावी हे फार झालं.

किटमधली सगळ्यात मोठी उणीव अजून सांगितलीच नाही. ते बायकांसाठी नाहीच. 'फ्री साईज' लिहिलंय, म्हणजे पुरुषाचं मोठं माप. बागेत येणाऱ्या टोळीत सगळ्या बाया. फेलफूट म्हणजे नको ते फुटवे काढणं, विरळणी, घडांचं डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फवारणीला पाईप ओढणं, पिपात औषध कालवून देणं, हे सगळं त्यांच्याकडं. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला स्कार्फ, हा त्यांचा पोशाख. संध्याकाळी फवारलं आणि सकाळी सातला टोळी आत शिरली तर पानावरच्या दहिवरासकट सगळं त्यांच्या बाह्यांवर येतं. टोळीतल्या एका मावशींना एप्रन घालून बघायला दिला. हातभर बाही लोंबत होती. काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "आमाला कशाला वो हे, आमी कुठं फवारतो?"

त्यांच्या बाबतीत वेळेचा हिशेब आणखी अवघड आहे. गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडतात. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, आठ-दहा दिवस वाट बघून, मग आशाताईकडं जाईपर्यंत ह्यातला चांगला भाग निघून गेलेला असतो, आणि त्या दिवसांत बाई रोज बागेत असते. मॅन्कोझेबसारख्या औषधांपासून अंगात ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, तो थायरॉईडला बाधतो. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला लागणारं थायरॉईड संप्रेरक येतं ते आईकडूनच. क्लोरपायरीफॉसच्या गटातली औषधं वारेतून बाळापर्यंत जातात. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात बर्कलीच्या विद्यापीठानं १९९९ पासून शेतमजूर कुटुंबांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवलाय. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत ह्या गटाचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. त्या बायकांतल्या बऱ्याच जणी फवारणी करत नव्हत्या. खुडणी, निवडणी, आपल्या टोळीसारखीच कामं.

आणि धुणं. एप्रनच्या चिठ्ठीवर 'धुवून पुन्हा वापरता येईल' छापलंय. कुणी धुवायचं ते छापायची गरज नाही, घराघरात ठरलेलं आहे. आमच्या वहिनीनं पिशवी उलटीपालटी करून विचारलं, "भावजी, ह्यात धुणारीचे हातमोजे कुठायत?" मला त्या किटवर ऐकलेली सगळ्यात नेमकी प्रतिक्रिया हीच वाटली. फवारणीचे कपडे घरच्या बादलीत, पोरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर भिजतात. ते बागेतच पाईपखाली खळखळून घ्यायचे, वेगळ्या बादलीत साबणानं धुवायचे, ते पाणी विहिरीकडं जाणार नाही असं ओतायचं आणि उन्हात वेगळ्या दोरीवर घालायचे. आमच्याकडं आता दादाचे कपडे दादाच धुतो. शेजारचे दोन दिवस हसले.

मास्कवर फार लिहीत नाही. कपाचा मास्क धूळ-भुकटी अडवतो, वाफ नाही. वाफेला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो आणि तो किटच्या तिप्पट किमतीला पडतो. तरी तोंडाला टॉवेल बांधण्यापेक्षा बरा, कारण टॉवेल एकदा भिजला की औषध नाकापाशी धरूनच ठेवतो. चष्मा चांगला आहे, घामानं धुरकटतो पण डोळ्यांत थेंब जात नाही. टोपी मांडवातल्या ठिबकणाऱ्या पाण्याला पुरते.

महागातलं काय मिळतं हेही बघितलं. बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेनं बनवलेला 'किसान कवच' डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. अंगभर सूट, किंमत त्या वेळी ४००० रुपये सांगितली होती, धुवून वर्षभर वापरायचा, आणि कापडावर पडलेलं औषध कापडच निकामी करतं. ती किमया मुख्यतः ऑरगॅनोफॉस्फेटसारख्या, म्हणजे क्लोरपायरीफॉस ज्या गटातलं त्या गटाच्या, औषधांवरची आहे. बुरशीनाशकांना तो नुसता आडोसा ठरेल. पण त्याला पँट आहे! कल्पना करणाऱ्यांनी माणूस कंबरेखालीही असतो हे लक्षात ठेवलं, ह्याचंच मला कौतुक. सालगड्याला ४००० चा सूट किती मालक घेऊन देतील, ते तुम्हीच सांगा. खरं तर १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे पाहिजेत असं स्पष्ट आहे, आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही. आमच्या भागात ती तपासणी झालेला एकही गडी मला भेटलेला नाही.

शेवटी आम्ही मधला रस्ता काढला. रेनकोटची जाड पँट नवी पेठेतून, गमबूट, आणि नायट्राईलचे लांब मोजे एमआयडीसीकडच्या कारखान्यांचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून. खत-औषधांच्या दुकानदाराला नायट्राईल म्हटलं तर त्यानं मला एका बुरशीनाशकाचा डबा काढून दाखवला होता. पाठीवर, पंपाच्या आणि अंगाच्या मध्ये, रिकाम्या खताच्या पिशवीचं प्लास्टिक उलट्या बाजूनं. औषधाची पिशवी ह्यासाठी चुकूनही घेऊ नका. पंपाच्या झाकणाचा वायसर बदलला, वीस रुपये. परत निळं पाणी भरून दादाला ओळीतून पाठवलं. विजार घोट्यापर्यंत पांढरी राहिली, जांघेत काही नाही, काखेतली रेघ गेली.

दादाची तक्रार आहे, रेनकोटच्या पँटमध्ये शिजायला होतं. खोटं नाही. म्हणून फवारणी आता नऊच्या आत उरकतात किंवा पाचनंतर धरतात, आणि फवारलेल्या ओळीत दुसऱ्या दिवशी दहीवर सुकल्याशिवाय टोळी सोडत नाहीत. टोळीच्या मुकादमबाईंनी आधी कुरकुर केली, रोज बुडतो म्हणून. मग त्या वेळात डाळिंबाकडची कामं लावून दिली. मोजे मात्र त्यांनी स्वतःच मागून घेतले, मापाचे, सात नंबर.

तर घेणाऱ्यांसाठी: किट म्हणून घेऊ नका. त्याच दुकानात चष्मा आणि टोपी सुटी मागा, देतात. एप्रन घ्यायचाच तर उलटा घालून बघा, नाड्या पुढं, बंद बाजू पाठीवर. बॅटरी पंपाला ते जास्त कामी येतं, पुढून जुना रेनकोट चालतो. मूल हवंय अशी जोडपी असतील तर निदान तीन महिने आधीपासून दोघांनीही पंप, पेस्ट आणि ड्रेंचिंग दुसऱ्याकडं सोपवावं, आणि तो दुसराही कुणाचा तरी नवरा असतो म्हणून त्यालाही पँट-मोजे द्यावेत. किट बनवणाऱ्यांनी पँट टाकली, मोजे बदलले आणि बायकांचं माप काढलं तर किंमत साडेसहाशे झाली तरी मी पाचपैकी चार देईन. मास्कचा एक गुण तरीही कापीनच.